दोन चाकोऱ्या

घरात मी तिचा बाप आणि शाळेच्या फाटकाच्या आत ती माझी बाई, हा धाकटीचा आणि माझा जुना करार आहे. मला अक्षरओळख तिनंच करून दिली. ती पहिलीत असताना तिला शिकवायची भारी हौस होती आणि घरात तिच्याहून अडाणी असा मी एकटाच सापडलो. तोवर मी रस्त्याच्या कामावर मुकादम झालो होतो. मैलाच्या दगडावरचे आकडे ओळखायचो, गावाचं नाव मात्र शेजारच्याला विचारायचो. आता ती चौथीच्या वर्गाला शिकवते आणि मी घरी बसून असतो. एका संध्याकाळी चपला काढता काढता ती म्हणाली, "आबा, उद्या वर्गावर या. रोमन लोक काढलेत."

"काढलेत म्हणजे? कुठून?"

"पुस्तकातून. रस्ते बांधायचे ते. तुमच्याच धंद्यातले."

"मग त्यांनाच बोलव की."

"ते जाऊन दोन हजार वर्षं झाली. आता तुम्हीच उरलात."

दुसऱ्या दिवशी मी धुतलेला सदरा घालून मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाक चौथीच्या पोरांच्या मापाचा, त्यामुळे माझे गुडघे हनुवटीला आले. भिंतीवर धाकटीनं एक मोठं चित्र लावलं होतं. दगडी फरश्यांचा रस्ता, दोन्ही अंगांना पडक्या भिंती, आणि फरश्यांवरून लांबच लांब गेलेल्या दोन खोल रेघा.

"रोमन सैनिक लढाई नसेल तेव्हा काय करायचे?" बाईंनी विचारलं.

"झोपायचे," खिडकीजवळून कोणीतरी म्हणालं.

"रस्ते बांधायचे."

"पण का?" हा वकील. त्याचं खरं नाव हजेरी घेतानाच कानावर पडतं. एरवी सगळे त्याला वकीलच म्हणतात, कारण तो 'हजर' म्हणतानाही कशाला ते विचारून घेतो. "लढायला गेलेत ना ते? मग लढायचं."

"लढायच्या जागी पोचायचं कसं? चिखलातून?"

"तलवार घेऊन चिखलातून जाता येतं, बाई."

"तलवार जाते रे," मी मागून बोललो, "चप्पल मागं राहते."

वर्ग हसला. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की आपण हात वर न करताच बोललो हे माझ्या ध्यानात आलं.

मग बाईंनी फळ्यावर रस्ता मधोमध कापून दाखवावा तसं चित्र काढलं. सगळ्यांत खाली मोठे दगड, त्यांच्यावर लहान, त्यांच्यावर खडी आणि वाळू, आणि वर फरश्या. मी जन्मभर याच वाटेनं काम केलं, पण ते असं कापून ठेवलेलं कधी पाहिलं नव्हतं. रस्ता आपण वरूनच बघतो. कुठल्याशा दूरच्या उन्हात एक माणूस दगडाचा कोपरा छिन्नीनं उडवतो, शेजारच्या दगडाला लावून बघतो, मान हलवतो आणि पुन्हा उचलतो, हे मला एकदम दिसलं. त्याचीही कंबर धरत असेल. त्याचाही साहेब दिवस मावळताना येऊन 'एवढंच झालं?' म्हणत असेल.

मला पुढं बोलावलं तेव्हा मी हाताचा पंजा पालथा धरला. "रस्ता असा असतो. कासवाच्या पाठीसारखा. मध्ये उंच, कडांना उतरता. आम्ही याला रस्त्याची पाठ म्हणायचो. कशासाठी? पाण्यासाठी. रस्त्याचा वैरी गाडी नव्हे, पाणी. पाणी थांबलं की रस्ता गेला."

"पाणी थांबलं की रस्ता गेला," सगळ्या वर्गानं सुरात म्हटलं. मला बरं वाटलं.

"मग त्या रेघा कसल्या?" वकिलानं चित्राकडे बोट केलं.

"चाकोऱ्या. गाड्यांची चाकं एकाच जागेवरून जाऊन जाऊन दगड झिजला. निगा राखली नाही की असं होतं. माझ्या रस्त्यावर अशी चाकोरी दिसली असती ना, तर साहेबानं मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं."

"सगळ्या गाड्यांची चाकं सारख्याच अंतरावर होती?"

हा प्रश्न पहिल्या बाकाच्या बाजूनं आला. तिथं एक मुलगी बाकावर न बसता आपल्या चाकांच्या खुर्चीत बसली होती. तिचे पाय जन्मापासून तिच्या कामाचे नाहीत, पण हात असे की वर्गातल्या कोणाशीही पंजा लढवून जिंकते. रोमन लोक वर्गात आल्यापासून खुर्चीचा रथ झाला होता आणि तिचं नाव रथवाली पडलं होतं. नाव तिला आवडत होतं.

"असतील बुवा सारख्या," मी म्हणालो. खरं तर याचा मी कधी विचार केला नव्हता.

शाळा सुटली तेव्हा पाऊस पडून गेला होता. आमच्या शाळेचं आवार खोलगट आहे. फाटक रस्त्याला लागून, इमारत पार पलीकडच्या टोकाला आणि मध्ये चिकट माती. दोन सरी पडल्या की तिथं पाऊल टाकलं तर पाऊल येतं, चप्पल येत नाही. रथवालीची आई फाटकापर्यंत आली, पदर खोचला आणि चिखलातून आत आली. मग एका बाजूनं ती आणि दुसऱ्या बाजूनं धाकटी, अशी पोरीसकट खुर्ची उचलून त्या निघाल्या. पोरगी खाली बघत होती.

मी म्हातारा, मला कोणी हात लावू देईना. मी चपला धुवत व्हरांड्याच्या नळाशी उभा राहिलो, म्हणून पुढचं बोलणं माझ्या कानावर पडलं. मोठ्या बाईंनी दोघींना परत बोलावलं होतं. मुख्याध्यापिकेला आमच्याकडे मोठ्या बाईच म्हणतात, आणि या खरोखरच सगळ्या अंगानं मोठ्या आहेत.

"मागच्या आठवड्यात तुम्ही दोघी तिच्यासकट पडलात. कोपरावर निभावलं. उद्या डोकं फुटलं तर?"

"परत नाही पडणार, मोठ्या बाई," आई म्हणाली.

"चिखलाला सांगून ठेवलंय का तसं? हे बघा, मला काही हौस नाही. पण त्या दुसऱ्या शाळेत दारापर्यंत सिमेंटची वाट आहे. इथल्या वाटेसाठी मी वर कळवून थकले. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात."

"ती शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी तिला सोडून शिलाईच्या कारखान्यात भोंग्याच्या आधी कशी पोचू? त्या दिवशी पडलो तेव्हाही कारखान्याचं फाटक बंद झालं माझ्यासाठी." आईनं खोचलेला पदर सोडला. "तिथं घातली तर ती घरीच राहील, बाई. दुसरं काही होणार नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "या सत्राअखेर मला ठरवावं लागेल. पावसाच्या दिवशी, कोणीही न उचलता, स्वतःच्या चाकांवर ती फाटकापासून दारापर्यंत आली, तर मी एका शब्दानं बोलणार नाही. नाहीतर दाखला तिकडे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मागच्या बाकावर होतो. वर्गात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. शाळेत भिंतींना कान असतात आणि चौथीला दोन दोन जास्त असतात. बाई रोमन घरांवर यायच्या आत वकील उभा राहिला.

"बाई, सैन्य आपल्याकडे आहे. चिखल पण आपल्याकडे आहे."

"मग?"

"आणि त्यांच्याकडे होता तसा मुकादम पण आहे," तो म्हणाला आणि सगळा वर्ग मागं वळून माझ्याकडे बघायला लागला.

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं.

शहरात एका जुन्या गल्लीचं खोदकाम चाललं होतं. तिथले उखडलेले दगड माझ्या जुन्या रोलरवाल्यानं टेम्पोत घालून आणले. त्यानं आणि मी कितीतरी रस्ते एकत्र केले आहेत. मी पुढं चालायचो आणि तो मागून दाबत यायचा. मोठे दगड आम्ही पहारीनं सरकवले. छोटे दगड सैन्यानं रांग लावून हातोहात आणले. धुमस, म्हणजे खडी ठोकून बसवायचा तो जड दांडा, दोघा दोघांनी मिळून उचलायचा आणि सोडायचा, आणि प्रत्येक ठोक्याला सगळ्यांनी 'रोम!' म्हणून ओरडायचं असा वकिलानं कायदा केला. शेजारच्या घरातली म्हातारी खिडकीतून विचारायची, "आज सुट्टी नाही का रे रोमला?"

रथवाली सेनापती होती. सेनापतीचं काम ओरडणं. ती फाटकाबाहेरच्या पक्क्या जागेवर बसून दोरीचं एक टोक धरायची आणि ओळ चुकली की आरडाओरडा करायची. दगड बसवला की तिच्याकडे बघायचं. एखादं पोरगं त्यावर नाचायचं आणि ती लांबून सांगायची, "डुगडुगतोय. काढा." तिची नजर चांगली होती. माझ्या टोळीत असती तर मी तिला सोडली नसती.

रस्त्याची पाठ मी स्वतः केली. हातानं चाचपून, दोरीनं बघून, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतार, कुठं खड्डा नाही, कुठं फुगवटा नाही. वर रोमन लोकांसारखे दगड, एकाच्या खांद्याला दुसरा. शेवटी मी मध्यावर बादली ओतली. पाणी क्षणभर थांबलं, आणि दोन्हीकडे वाटून निघून गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नोकरीत असताना रस्ता झाल्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. लोक लगेच त्यावरून चालायला लागतात.

"आता रथ," धाकटी म्हणाली.

रथवालीनं चाकांच्या कड्यांना हात घातला आणि ती फाटकातून आत आली. दगडांवरून खुर्ची खडखडत होती, तिचे दातही वाजत असणार, पण ती हसत होती. मग पुढची बारकी चाकं दगडांच्या फटीत वळली. खुर्चीचं तोंड डावीकडे फिरलं. तिनं उजवं चाक दाबून धरलं, डावं जोरानं मारलं, पण रस्ताच तिकडे उतरता होता. ती जितकी वर यायला बघत होती तितकी खुर्ची खाली घसरत होती. डावं चाक कडेवरून उतरलं आणि रथ कलला. धाकटीनं आणि वकिलानं धावत जाऊन धरलं म्हणून ती चिखलात गेली नाही.

तिनं केस मागं सारले आणि माझ्याकडे बघितलं. रडली नाही.

"आजोबा, तुमचा रस्ता मला ढकलून देतो."

व्हरांड्यात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या वळून आत गेल्या. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी धाकटीनं ताट वाढलं आणि माझ्या समोर बसली. ती अशी समोर बसली की मला आता पाठ म्हणून दाखवायला लागणार असं वाटतं.

"सपाट करा ना, आबा."

"सपाट केला तर पाणी थांबेल. शेवाळ धरेल. मग ती घसरून पडेल, आणि तुम्ही सगळे म्हणाल, म्हाताऱ्याला अक्कल नव्हती. रस्त्याला पाठ लागतेच."

"चालणाऱ्याला लागते."

"मोटारींना चालते, बैलगाड्यांना चालते, सायकलला चालते."

"ते सगळे रुंद रस्त्यावरून जातात. हा जेमतेम खुर्चीएवढा रुंद आहे. ती मधून जराशी हलली की एक चाक कडेच्या उतारावर."

"मी हे काम करत होतो तेव्हा तू पाळण्यात होतीस."

"हो. आणि तुम्ही 'क' उलटा काढत होतात तेव्हाही असंच म्हणायचात," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "आबा, तुम्ही तो रस्ता पाण्यासाठी केलात की तिच्यासाठी?"

ताट अर्धं टाकून उठलो. म्हातारपणी राग यायला वेळ लागत नाही, उतरायला लागतो. अंथरुणावर पडलो तरी मी मनातल्या मनात तो रस्ता चालत होतो आणि मला त्यात काही चूक सापडत नव्हती. मी पायानं चालत होतो ना. पाय उतारावर आपोआप तिरका पडतो, घोटा वळतो, आपल्याला कळतही नाही. घोटा नसेल तर काय होतं?

सकाळी मी शाळा भरायच्या आधीच फाटकापाशी जाऊन बसलो. रथवालीला तिची आई घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "पोरी, मला तुझी खुर्ची देशील?"

"तुम्हाला?"

"बसून बघतो."

आईनं तिला फाटकाच्या कट्ट्यावर बसवलं. ती माझ्याकडे संशयानं बघत होती. "मोडू नका हां. आणि कड्या वरून धरा, मधून नाही. बोटं अडकतात."

मी बसलो. माझं वजन, माझी सवय नाही, आणि माझे हात आता पूर्वीचे नाहीत. चार हात गेलो असेन. मग त्या रस्त्यानं मला धरलं आणि अलगद कडेला नेलं, जसं दारातून नको असलेल्या पाहुण्याला नेतात. मी दाबलं, ओढलं, शिव्या घातल्या. तोवर पोरं जमली होती. चाक कडेवरून उतरलं आणि मी कलंडून चिखलात बसलो.

"रोम!" कोणीतरी ओरडलं आणि सगळं सैन्य लोळून हसलं. रथवाली इतकी हसली की तिच्या आईला तिला धरावं लागलं. मग आईही पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी चिखलात बसून वर बघत होतो. इतकी वर्षं मी माणसांच्या पायांखाली रस्ते घातले, पण रस्त्याकडे इतक्या खालून कधी बघितलं नव्हतं.

"चला, उखडू या," मी म्हणालो. "सपाट करतो."

"थांबा, आजोबा," रथवाली म्हणाली. "मी रात्री विचार केलाय. मला चित्रातल्यासारखं पाहिजे."

"कोणत्या चित्रातल्यासारखं?"

"वर्गातल्या. त्या दोन रेघा आहेत ना. तशा. गाडी रेघेत शिरली की ती दुसरीकडे जातच नसेल."

मी तिच्याकडे बघत राहिलो. जन्मभर मी चाकोऱ्या बुजवल्या होत्या. कुठं नुसती दिसायला लागली तरी घमेलं घेऊन धावलो होतो.

"पोरी, तशी चाकोरी पडायला शेकडो गाड्या लागतात आणि किती माणसांचे जन्म जातात."

"मग आपण आधीच पाडून ठेवू," ती म्हणाली. "माझी एकच गाडी आहे."

"त्यात पाणी साचेल."

"पाणी थांबलं की रस्ता गेला," वकिलानं मला माझंच वाक्य ऐकवलं.

रथवालीनं त्याला गप्प केलं. "मग पाण्याला बाहेर जायला दार ठेवायचं. घराला ठेवतात तसं. आजोबा, ठेवता येतं ना?"

मी चिखलातून उठलो. सदऱ्याची पाठ ओली होती. डोक्यात मात्र काम सुरू झालं होतं. बाहेरच्या कडेला हात हात अंतरावर खाचा मारायच्या. खाचेचं तोंड चाकोरीच्या तळापेक्षा जरा खाली. चाक त्यावरून सहज जाईल आणि पाणी थांबणार नाही.

"येतं," मी म्हणालो.

आम्ही मधली पाठ तशीच ठेवली, तिच्यावरून बाकीचे चालतात. दोन्ही कडांचे दगड काढले. वकिलानं सुतळी घेऊन खुर्चीची मापं घेतली. मोठी चाकं बाहेर असतात आणि बारकी चाकं थोडी आत. दोन्ही एकाच चाकोरीत बसायची तर चाकोरी वितीहून जास्त रुंद पाहिजे, हे त्यानं जमिनीवर रेघा मारून मला पटवलं आणि मी ते दोनदा मोजून मान्य केलं. खाली बसवायला जुन्या फरश्या मिळाल्या, शाळेच्याच दुरुस्तीत निघालेल्या. त्या मी पालथ्या घातल्या. पालथी बाजू खरखरीत असते, ओल्यातही चाक धरून ठेवते. दाराशी पायरी होती, तिथं त्याच फरश्यांचा लांब उतार केला.

माझा रोलरवाला दगड टाकून कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "मुकादम, म्हातारपणी धंदा उलटा केलास काय? साहेबानं बघितलं तर?"

"साहेब गेला वर," मी म्हणालो. "तिथं कोणाची तरी चाकोरी मोजत असेल."

सत्र संपत आलं तेव्हा पालकांना बोलावून पोरांनी रोमन दिवस केला. चादरी गुंडाळून सगळे आले. वकील तर दोन चादरी गुंडाळून आला आणि दोन्हींत अडकून पडला. रथवाली फाटकातून आत आली, चाकं चाकोरीत शिरली, आणि ती हात मोकळे सोडून दोन्ही बाजूंच्या लोकांना सेनापतीसारखा हात करत, मध्येच एक धक्का देत, थेट दारापर्यंत गेली. टाळ्या झाल्या. मोठ्या बाईंनीही वाजवल्या. मग त्या माझ्याजवळ आल्या.

"छान झालं. पण आज कोरडं आहे."

"हो."

"कोरड्यात ती आधीही येत होती."

हे खरं होतं. त्यांनी चुकीचं काहीच म्हटलं नव्हतं. मी आभाळाकडे बघितलं. जन्मभर मी पाऊस लांबू दे म्हणून बघत आलो होतो. पाऊस यावा म्हणून बघायला लागलो तो त्या दिवसापासून. तो चांगला मस्तवाल निघाला. सत्राचे शेवटचे दिवस राहिले तरी ढग यायचे, थांबायचे आणि निघून जायचे. धाकटी वर्गात रोमन न्हाणीघरांपर्यंत पोचली होती.

आला तो पहाटे, आणि असा आला की पत्र्यावर कोणी खडीची घमेली उपडी करत आहे असं वाटलं. मी छत्री घेतली, छोटी पहार घेतली आणि निघालो. खाचांत पाला अडकला असला तर पाणी तुंबेल. मला ती यायच्या आधी पोचायचं होतं. पण गल्लोगल्ली पाणी होतं आणि माझी चाल आता माझ्या हुकमातली नाही.

शाळेच्या वळणावर रथवालीची आई समोरून आली. कारखान्याकडे झपाझप निघाली होती, डोक्यावर पिशवी धरलेली. पुढं खुर्ची नव्हती.

"पोरगी कुठं आहे?" मी विचारलं.

"फाटकापाशी सोडली, काका. म्हणाली, हात लावू नकोस. म्हणाली, बघत पण उभी राहू नकोस, तू बघितलंस की मला भीती वाटते." तिच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं. "मी वळून बघितलं नाही. तुम्ही बघा, काका. बघाल ना?"

लांब कारखान्याचा पहिला भोंगा झाला. ती धावली.

फाटकाशी कोणी नव्हतं. आवारात मातीचं तळं झालं होतं आणि त्या तळ्यातून आमचा रस्ता वर निघाला होता, कासवासारखा. खाचांतून पाणी बाहेर उड्या घेत होतं, एका ओळीत, दोन्ही बाजूंनी. एका खाचेत पाला अडकला होता, तेवढा मी पहारीनं काढला. रस्त्याच्या कडेला कुठंही चाक उतरल्याची खूण नव्हती. कलंडल्याची नव्हती.

दाराशी पोचलो. व्हरांड्यात कोरड्या फरशीवर दोन ओल्या रेघा होत्या. उतारावरून वर येऊन, जराशा वळून, त्या थेट चौथीच्या वर्गाकडे गेल्या होत्या. शाळेतली झाडलोट करणारी मावशी बादली घेऊन आली आणि वाकली.

"राहू दे, मावशी," मागून मोठ्या बाई म्हणाल्या. त्या कधीपासून तिथं उभ्या होत्या कोण जाणे. त्यांची छत्री अजून गळत होती. "आपोआप वाळतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि आपल्या खोलीत गेल्या. म्हटल्याप्रमाणे एका शब्दानंही बोलल्या नाहीत.

वर्गातून धाकटीचा आवाज येत होता. "रोमन शहरांत पाणी लांबच्या डोंगरांतून यायचं. कसं यायचं?"

"बाई," वकील म्हणाला, "आपल्या टाकीपासून..."

"खाली बस," रथवाली म्हणाली. "आधी ऐकून तरी घे."

मी चपला हातात घेतल्या, त्या दोन रेघांवर पाय पडू न देता भिंतीच्या कडेकडेनं चालत गेलो, आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.